सतराव्या-अठराव्या शतकातील लंडन : चांगल्या कॉफीगृहाचा शोध

इ. स. १६५२ मध्ये लंडनच्या कॉर्नहिल भागातील सेंट मायकेल्स अ‍ॅली या बोळात पास्कवा रोझे नावाच्या, पूर्वेकडून आलेल्या इसमाने कॉफी विकावयास सुरुवात केली. त्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्याआधीच लंडन हे कॉफीगृहांचे शहर म्हणून युरोपभर ओळखले जाऊ लागले. १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम मेटलंड यांच्या लंडनविषयक इतिहासग्रंथात शहरातील कॉफीगृहांची संख्या ५५१ अशी दिली आहे. ब्रायंट लिलीव्हाइट यांनी १९६३ मध्ये तयार केलेल्या सूचीत तर निरनिराळ्या काळांतील दोन हजारांहून अधिक कॉफीगृहांची नोंद आढळते. ही सर्व दुकाने स्वतंत्र मालकीची होती. एका मालकाचे एक घर, त्याच्या नावाची एक पाटी आणि त्याच्या भोवती जमलेली मंडळी, असे त्यांचे स्वरूप होते.

युर्गेन हाबरमास यांच्या १९६२ मधील ग्रंथापासून या कॉफीगृहांकडे ‘सार्वजनिक क्षेत्रा’ची जन्मभूमी म्हणून पाहण्याचा प्रघात पडला. ब्रायन कोवन यांनी २००५ मध्ये या चित्राला आवश्यक ती मुरड घातली. परंतु या चर्चेत एक साधा प्रश्न मागे पडतो. घरांना क्रमांक नसलेल्या या शहरात नव्याने आलेला माणूस आपल्याला हवे ते कॉफीगृह शोधत कसा असे, आणि ‘चांगले’ या शब्दाने त्याला काय अभिप्रेत असे? या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले असता कॉफीगृहांच्या उत्कर्षाइतकाच त्यांच्या ऱ्हासावरही प्रकाश पडतो.

प्रारंभ

रोझे हा डॅनियल एडवर्ड्स या व्यापाऱ्याचा नोकर होता. एडवर्ड्स लेव्हंट कंपनीच्या व्यापारानिमित्त स्मर्ना येथे राहिलेला होता आणि तेथेच त्याला कॉफीची सवय लागली होती. लंडनमध्ये परतल्यावर ते अपरिचित पेय पाहण्यासाठी व चाखण्यासाठी त्याच्याकडे माणसांची रीघ लागली. त्यातून हे दुकान निघाले. रोझेचा जम बसताच आसपासच्या बिअर विकणाऱ्यांनी लॉर्ड मेयरकडे तक्रार केली. रोझेला शहरात व्यापार करण्याचा नागरी हक्क नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा तसा हक्क असलेल्या क्रिस्टोफर बोमन यास भागीदार करून घेऊन मार्ग काढण्यात आला. फ्लीट स्ट्रीटवरील ‘रेनबो’चा मालक जेम्स फार याच्याविरुद्ध १६५७ मध्ये शेजाऱ्यांनी कॉफी भाजण्याच्या दुर्गंधीबद्दल गाऱ्हाणे मांडले. आज ज्या वासाने गिऱ्हाईक दुकानाकडे वळते, तोच वास त्या काळी उपद्रव ठरला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

विरोध असूनही दुकाने वाढत गेली. १६६३ पर्यंत मूळ शहराच्या हद्दीत ८२ कॉफीगृहे झाली होती. १६६६ च्या महाआगीत त्यांपैकी अनेक जळाली. परंतु शहराच्या पुनर्बांधणीबरोबर तीही पुन्हा उभी राहिली.

या कॉफीचे दाणे प्रथम येमेनमधील मोखा बंदरातून येत. ईस्ट इंडिया कंपनीचा मोखाशी चालणारा व्यवहार सतराव्या शतकात बव्हंशी सुरतेच्या वखारीतून होई. ज्या सुरतेचे नाव मराठी वाचकाला १६६४ च्या शिवछत्रपतींच्या स्वारीमुळे परिचित आहे, तिच्या व्यापारी जाळ्यात हा ‘बुंद’ लंडनच्या आधीच रुळलेला होता.

शोधाची साधने

लंडनमध्ये घरांना क्रमांक देण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तोपर्यंत दुकान ओळखले जाई ते रस्त्यावर लोंबणाऱ्या चित्रांकित पाटीवरून. पगडीधारी तुर्काचे मस्तक हे कॉफीगृहांचे सर्वांत आवडते चिन्ह होते. मात्र त्यामुळेच ते फारसे उपयोगाचे राहिले नाही. एकाच भागात दोनतीन ‘तुर्क’ लटकत असल्यास परक्याने ओळखावे तरी कसे? सुट्या नाण्यांच्या टंचाईमुळे अनेक दुकानदारांनी स्वतःची खासगी नाणी पाडली होती. कॉफीगृहवाल्यांच्या अशा नाण्यांवर मालकाचे नाव, पाटीवरील चिन्ह आणि बोळाचे नाव कोरलेले असे. गिऱ्हाइकाच्या खिशात राहणारा तो पत्ताच होता. १६७२ मध्ये शासनाने ही नाणी बंद केली.

याहून महत्त्वाचे साधन म्हणजे कॉफीगृहाचा पत्ता म्हणून होणारा वापर. विल्यम डॉक्रा यांनी १६८० मध्ये सुरू केलेल्या पेनी टपालाची पत्रे अनेक कॉफीगृहांतून स्वीकारली जात. ‘लंडन गॅझेट’मधील जाहिरातींत हरवलेले घड्याळ वा पळालेला घोडा अमुक कॉफीगृहात आणून द्यावा, असे सर्रास छापलेले असे. माणूस कोठे राहतो यापेक्षा तो कोणत्या कॉफीगृहात बसतो, हे ठाऊक असणे अधिक सोयीचे होते.

परंतु ‘कोणते कॉफीगृह कशासाठी’ या प्रश्नाचे पहिले जाहीर उत्तर रिचर्ड स्टील यांनी दिले. १२ एप्रिल १७०९ रोजी निघालेल्या ‘टॅटलर’च्या पहिल्याच अंकात त्यांनी आपल्या नियतकालिकाची विषयवार विभागणी कॉफीगृहांच्या नावांनी केली. रंगेल जीवन व करमणूक यांचा मजकूर ‘व्हाइट्स’ या चॉकलेटगृहातून, काव्याचा ‘विल्स’मधून, विद्वत्तेचा ‘ग्रीशियन’मधून आणि देशविदेशच्या बातम्या ‘सेंट जेम्स’मधून येतील, असे त्यांनी जाहीर केले. यात विनोद होता हे खरे. पण वाचकाला तो कळावा, इतपत ही विभागणी आधीच रूढ झालेली होती. १ मार्च १७११ च्या ‘स्पेक्टेटर’च्या पहिल्या अंकात तर लेखाचा काल्पनिक नायक कॉफीगृहामागून कॉफीगृह हिंडताना दिसतो. लंडनमध्ये नव्याने आलेल्या खेड्यातील जमीनदाराच्या मुलाला याहून चांगला वाटाड्या मिळणे कठीण होते.

कॉफीची चव आणि मंडळींची संगत

यात एक गोष्ट ठळकपणे गैरहजर आहे. ती म्हणजे कॉफी. अमुक ठिकाणची कॉफी उत्तम म्हणून तेथे जावे, असा सल्ला या लेखनात अभावानेच आढळतो. याचे एक कारण करपद्धतीत आहे. १६६० च्या कायद्याने तयार कॉफीवर दर गॅलनमागे ४ पेन्स कर बसविला. कर तयार पेयावर असल्याने अबकारी अधिकाऱ्याने मोजमाप करीपर्यंत ते विकता येत नसे. परिणामी मालक एकदम मोठ्या प्रमाणावर कॉफी उकळून पिंपात भरून ठेवी आणि दिवसभर लागेल तशी पुन्हा तापवून देई. १६८९ मध्ये कर दाण्यावर आला. तोपर्यंत पिढ्यांना शिळ्या, कडवट काढ्याचीच सवय झाली होती.

मग ‘चांगले’ म्हणजे काय? सॅम्युएल पेप्स १० डिसेंबर १६६० रोजी कॉर्नहिलमधील कॉफीगृहात गेले, तेव्हा त्यांनी दैनंदिनीत तेथील मंडळींच्या विविधतेचे आणि संभाषणाचे कौतुक केले. हेच त्या काळचे खरे मोजमाप होते. एक पेनी देऊन आत आलेल्या माणसाला रिकाम्या जागी, शेजारी कोणीही असो, बसता येई. शेकोटी, मेणबत्त्यांचा उजेड, तंबाखू आणि ताजी वर्तमानपत्रे त्या पेनीतच मिळत. १७२० च्या दशकात लंडनमध्ये आलेल्या सेझार द सोस्यूर या स्विस प्रवाशाला ही घरे धुराने कोंदलेली व अस्वच्छ वाटली. मात्र सकाळी कामावर जाण्यापूर्वी कारागीरही येथे बातम्या वाचतात, याचे त्याला नवल वाटले.

अर्थात ही संगत मालकाच्या हाती पूर्णपणे नव्हती. कवी जॉन ड्रायडन यांची खुर्ची हिवाळ्यात शेकोटीजवळ आणि उन्हाळ्यात सज्जात असे, त्यामुळे ‘विल्स’ची ख्याती झाली, १७०० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती ओसरू लागली. जोसेफ अ‍ॅडिसन यांच्या पाठिंब्याने डॅनियल बटन याने जवळच काढलेल्या कॉफीगृहात मग लेखक जमू लागले. तेथे १७१३ मध्ये ‘गार्डियन’ पत्रासाठी वाचकांचा मजकूर टाकण्याकरिता सिंहमुखी पेटी बसविण्यात आली होती. १७१९ मध्ये अ‍ॅडिसनही गेले आणि ‘बटन्स’चेही दिवस फिरले.

वर्तमानपत्रे मागविणे ही मालकावरील सक्तीच होऊन बसली होती. ‘आमच्याकडे ते पत्र येत नाही’ असे म्हणणाऱ्याचे गिऱ्हाईक समोरच्या घरात जाई. १७२८ मध्ये लंडन व वेस्टमिन्स्टरच्या कॉफीगृहवाल्यांनी एक पुस्तिका काढून या खर्चाविषयी तक्रार केली आणि आपल्या घरांत गोळा होणाऱ्या बातम्यांचे पत्र आपणच काढू, असा प्रस्ताव मांडला. त्याची यथेच्छ टिंगल झाली. तथापि त्यांचा मूळ मुद्दा चुकीचा नव्हता. बातमी त्यांच्या मेजावर जन्म घेत होती आणि तीच छापील स्वरूपात त्यांना विकत घ्यावी लागत होती.

या मोकळ्या बोलण्याची राजसत्तेला भीती वाटावी, हे स्वाभाविक होते. दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ रोजी जाहीरनामा काढून १० जानेवारी १६७६ पासून सर्व कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम दिला. एवढा गहजब झाला की ८ जानेवारीलाच तो मागे घ्यावा लागला. राजाचा हुकूम अमलात येण्यापूर्वीच गुंडाळला जावा, हे त्या शतकात नित्याचे नव्हते.

मात्र या मोकळेपणाला कडेकोट सीमाही होत्या. स्त्रिया मालकीण म्हणून, विशेषतः विधवा झाल्यावर, कॉफीगृह चालवीत; गल्ल्यावर बसत, वाढपाचे काम करीत. चर्चेत बरोबरीच्या नात्याने बसण्याची मुभा त्यांना नव्हती, असे कोवन यांचे प्रतिपादन आहे. याहून भीषण बाजू ‘गॅझेट’च्या त्याच जाहिरातींत आढळते. पळून गेलेल्या गुलाम माणसांना, त्यांत कोवळ्या मुलांनाही, अमुक कॉफीगृहात आणून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केलेले असे. सायमन न्यूमन यांनी २०२२ मधील आपल्या ग्रंथात अशा जाहिरातींचा सविस्तर अभ्यास केला असून त्यांत लॉइडच्या कॉफीगृहाचाही उल्लेख येतो. घड्याळ, घोडा आणि माणूस यांचा शोध एकाच पत्त्यावर संपत होता. पुढे अठराव्या शतकात वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येऊ लागलेली साखर व कॉफी याच माणसांच्या श्रमांची होती, हे येथे विसरता येत नाही.

बंद झालेले दरवाजे

एडवर्ड लॉइड याचे कॉफीगृह १६८८ च्या सुमारास टॉवर स्ट्रीटवर होते. १६९१ मध्ये ते लोंबार्ड स्ट्रीटवर आले. जहाजांच्या खात्रीशीर बातम्या मिळण्याचे ठिकाण म्हणून नाविक, मालक आणि विमा उतरविणारे तेथे जमत. लॉइडने १६९६ मध्ये काही महिने ‘लॉइड्स न्यूज’ हे पत्रही चालविले. अठराव्या शतकाच्या मध्यास येथे राजकीय पुढाऱ्यांच्या आयुष्यावर पैजा लावणाऱ्या जुगारी ‘विम्या’चा सुळसुळाट झाला. तेव्हा १७६९ मध्ये प्रतिष्ठित विमेकऱ्यांनी थॉमस फील्डिंग या वेटरकडून पोप्स हेड अ‍ॅलीमध्ये ‘न्यू लॉइड्स’ काढविले. जागा अपुरी पडू लागताच १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड भरले आणि १७७४ मध्ये ही मंडळी रॉयल एक्स्चेंजच्या इमारतीत गेली. आता जागा त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होती.

‘जोनाथन्स’ची कथा अधिक बोलकी आहे. एक्स्चेंज अ‍ॅलीमधील या कॉफीगृहातून जॉन कॅस्टिंग याने १६९८ मध्ये शेअर व विनिमयदरांचे पत्रक काढण्यास आरंभ केला. १७२० मधील साउथ सी कंपनीच्या सट्ट्याचा उन्मादही येथेच उसळला. १७६१ मध्ये सुमारे दीडशे दलालांनी प्रत्येकी वर्षाला ८ पौंड देऊन हे घर केवळ आपल्यासाठी राखून घेतले. बाहेर काढल्या गेलेल्या एका दलालाने दावा लावला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर निकाल त्याच्या बाजूने लागला. हे घर फार पूर्वीपासून सर्वांना खुला असलेला बाजार आहे, असे मान्य झाले. एका पेनीत कोणालाही प्रवेश, ही कॉफीगृहाची रूढी येथे न्यायालयातही टिकली.

ती टिकली, पण दलाल टिकले नाहीत. कायदा आड येतो असे दिसताच त्यांनी १७७३ मध्ये स्वीटिंग्ज अ‍ॅलीत स्वतःची इमारत घेतली. प्रथम तिला ‘न्यू जोनाथन्स’ म्हणत. लवकरच दारावर ‘स्टॉक एक्स्चेंज’ असे लिहिले गेले. दिवसाला सहा पेन्स भरणाऱ्या कोणालाही आत जाता येई. १८०१ मध्ये तीही सोय संपली आणि प्रवेश वर्गणीदार सभासदांपुरता राहिला. विमा-व्यवहाराचे केंद्र असलेल्या ‘लॉइड्स’मध्ये गणवेशधारी सेवकांना आजही ‘वेटर’ म्हणतात.