जुनी मोटार आणि जुना स्नेही

मराठी प्रवासवर्णनांची समीक्षा स्थळांविषयी आणि निवेदकाच्या दृष्टीविषयी पुष्कळ बोलली. निवेदकाच्या शेजारी कोण होते, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. वास्तविक या वाङ्मयप्रकाराच्या आरंभापासून सोबती त्यात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते चुलत्यांच्या बरोबर. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातून हे चुलते वजा केले, तर भय आणि धीर यांचा अर्धा हिशेब हरवेल. बडोद्यात शिक्षक राहिलेले काका कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात पायी हिंडले ते स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर या स्नेह्यांसह. त्या प्रवासाचे पुस्तक गुजरातीत झाले ही मराठीची हानीच म्हणावी लागेल.

पायी प्रवासात सोबती मागे राहू शकतो, पुढे जाऊ शकतो, रुसून वेगळ्या धर्मशाळेत उतरू शकतो. मोटारीने ही सोय काढून घेतली. दोन माणसे दिवसभर शेजारी बसतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघांचीही नजर रस्त्यावर असते. समोरासमोर बसून जे चाळीस वर्षांत बोलले गेले नाही, ते अशा बैठकीत सहज बोलले जाते. जुन्या फियाटमध्ये पुढे एकसंध बाक असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे दोघांच्या मध्ये काहीच नसे. ही क्षुल्लक बाब नव्हे.

परंतु मोटार जुनी का, हा प्रश्न स्मरणरंजनावर सोडून चालणार नाही. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास म्हैसूरशी जोडलेला आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून स्थापत्यशास्त्र शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. मुंबईत जनरल मोटर्स १९२८ पासून मोटारी जोडत होती. पण सुटे भाग बाहेरून आणून जोडणे आणि मोटार घडवणे यांतला फरक विश्वेश्वरय्यांना नेमका ठाऊक होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ही कल्पना उचलली. म्हैसूर संस्थान अनुकूल होते, अमेरिकेतील क्रायसलर कंपनीशी बोलणी झाली. मात्र युद्धाच्या धांदलीत ब्रिटिश सरकारने या उद्योगाला उत्तेजन दिले नाही. गंमत अशी की १९४० च्या डिसेंबरात वालचंद आणि म्हैसूर संस्थान यांनी मिळून बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला. विमान आधी आले, मोटार मागे राहिली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली ती १९४४ मध्ये, आणि कारखाना निघाला तो मुंबईत, कुर्ल्याला.

स्वातंत्र्यानंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना निघून जावे लागले. देशी कारखाने मोजके, उत्पादन परवान्यांनी बांधलेले. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणे हा मध्यमवर्गाच्या आयुष्याचा भाग झाला. ज्याच्या दारी गाडी आली, तो ती विकत नसे. विकून दुसरी मिळणार कुठे? इंजिन पुन्हा बांधायचे, पत्रा ठोकून घ्यायचा, रंग द्यायचा. मोटारीचे हे दीर्घायुष्य टंचाईने दिलेले होते. आणि म्हणूनच तरुणपणी जो मित्र गाडी घेण्याच्या आनंदात सहभागी झाला, तोच पुढे निवृत्तीनंतर त्याच गाडीत शेजारी बसलेला दिसे.

पुणे ते बंगळूर हे सुमारे साडेआठशे किलोमीटरचे अंतर आणि पुढे म्हैसूरपर्यंतचे जवळजवळ दीडशे, असा रस्ता या जोडीची कसोटी पाही. कात्रजचा घाट, मग खंबाटकीचा. रेडिएटर उकळू लागे आणि बॉनेट उघडून थांबावे लागे. उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होई, इंजिन बंद पडे; तेव्हा पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळून झाडाखाली बसणे एवढाच उपाय. या सक्तीच्या विश्रांती प्रवासाचा खरा गाभा असत. चालवणाऱ्याला राग आलेला, शेजारच्याला आपण काही करू शकत नाही याचा संकोच. त्या अर्ध्या तासात मैत्री एकतर मुरे किंवा आंबे.

निपाणी आणि बेळगाव येथे रस्ता भाषावादाच्या प्रदेशातून जातो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या पट्ट्यातील मराठी माणसाच्या मनात सल राहिला, तो अजून आहे. पण ज्या धारवाडात मराठी मातृभाषेच्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नड कवितेचे शिखर गाठले, त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्ण्यांनी मराठी कथा लिहिली, हेही या रस्त्यावरच घडलेले आहे. गॅरेजवाल्याशी हिंदी, मराठी आणि कन्नड यांच्या मिश्रणात बोलताना प्रवाशांना हा इतिहास पाठ्यपुस्तकाविना कळत असे. पुढे हरिहरला तुंगभद्रा ओलांडली, चित्रदुर्गाचे खडक मागे पडले, की मराठी अक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून नाहीशी होत.

म्हैसूरला सरस्वतीपुरम ही कुक्करहळ्ळी तलावाजवळची वस्ती. विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर लगतच. १९६९ मध्ये तेथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि निरनिराळ्या भाषांचे अभ्यासक या भागात वावरू लागले. मुक्कामाचे असे गाव असेल तर प्रवास लांबवण्याला निमित्त लागत नाही.

अलीकडे हा रस्ता रुंद झाला. खंबाटकीला बोगदा आहे, बंगळूर–म्हैसूर द्रुतगती मार्ग २०२३ मध्ये खुला झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. गाडी बंद पडेल या भीतीने पूर्वी प्रवासी पाण्याचा डबा, जादा फॅनबेल्ट, ओले फडके आणि एक मित्र बरोबर घेत. आता यांतले पहिले तीन कोणी घेत नाही.