डायलिसिसची रक्तवाट : नळीपासून औषधी फुग्यापर्यंत

डायलिसिस म्हणजे निकामी झालेल्या मूत्रपिंडांचे काम यंत्राकडून करवून घेणे, आणि त्यासाठी दर मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त शरीराबाहेर आणून, गाळून पुन्हा आत सोडावे लागते. हाताच्या वरवरच्या शिरेतून एवढे रक्त मिळत नाही आणि खोलवरच्या धमनीत वारंवार सुई टोचता येत नाही, या अडचणीभोवतीच या उपचाराचा इतिहास फिरत राहिला. नेदरलँड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रुग्णासाठी वापरले, तेव्हा उपचारागणिक रक्तवाहिन्या खर्ची पडत आणि त्या संपल्या की यंत्र शाबूत असूनही उपचार थांबे.

सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर आणि वेन क्विंटन यांनी १९६० मध्ये धमनी व शीर यांत टेफ्लॉनच्या नळ्या कायम बसवून त्या बाहेरून जोडल्या, त्यामुळे दीर्घकालीन डायलिसिस शक्य झाले. मात्र त्या नळ्यांत रक्त गोठे आणि जंतुसंसर्गही होई. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जेम्स सिमिनो, मायकेल ब्रेशिया आणि शल्यविशारद केनेथ अ‍ॅपेल यांनी १९६५ मध्ये मनगटाजवळची शीर थेट धमनीला जोडण्यास आरंभ केला आणि पुढच्या वर्षी ती पद्धत प्रसिद्ध केली. या जोडणीला फिस्टुला म्हणतात. धमनीच्या दाबाने शीर रुंद व जाड होते, तिच्यात सुया टोचता येतात आणि वरून बोट ठेवल्यास रक्ताची थरथर जाणवते.

पण शिरेची घडण एवढा दाब सोसण्यासाठी झालेली नसते. तिच्या भिंतीतील स्नायुपेशी आतल्या बाजूला वाढत जातात, वाट अरुंद होते, थरथर मंदावते, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, आणि वेळीच उपाय न झाल्यास फिस्टुला गोठून बंद पडतो. पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची अरुंद धमनी नळीने रुंद केली होती. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७४ पासून त्यासाठी फुगा वापरला, आणि पुढच्या दशकात हा फुगा फिस्टुलाच्या उपचारातही आला. त्याने वाट तत्काळ मोकळी होते, परंतु ताणलेल्या भिंतीला इजा होते आणि ती भरून येताना त्याच पेशी पुन्हा वाढतात. म्हणून अनेक रुग्णांना काही महिन्यांतच तोच उपचार पुन्हा घ्यावा लागतो.

या वाढीला आवर घालणारे औषध एका झाडाच्या सालीतून आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाची साल १९६२ मध्ये गोळा करण्यात आली आणि तिच्यातील पॅक्लिटॅक्सेल या द्रव्याची रचना मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. यांपैकी वाणी यांचा जन्म नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठातले. हे औषध पेशीच्या आतील सूक्ष्म तंतूंना जखडून तिचे विभाजन थांबवते, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. कर्करोगावर वापरले जाणारे हेच औषध जर्मनीत उलरिख श्पेक व ब्रुनो शेलर यांनी फुग्यावर लेपले, आणि हृदयाच्या धमन्यांमधील त्याचे परिणाम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. फिस्टुलात आधी साध्या, अधिक दाबाच्या फुग्याने अडथळा मोडतात आणि मग औषधी फुगा काही मिनिटे भिंतीशी दाबून धरतात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर उपचार केलेली जागा औषधी फुग्याच्या गटात ८२.२ टक्के, तर साध्या फुग्याच्या गटात ५९.५ टक्के रुग्णांमध्ये नव्या हस्तक्षेपाविना मोकळी राहिली; पुढच्याच वर्षी २१२ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत मात्र असा लाभ आढळला नाही. पायाच्या धमन्यांमध्ये या औषधाने मृत्यू वाढतात, अशी शंका २०१८ मध्ये उपस्थित झाली होती. अधिक माहिती तपासल्यावर २०२३ मध्ये अमेरिकी औषध नियामकांनी तिला आधार नसल्याचे सांगितले. मात्र चाचण्यांचे निष्कर्ष वेगवेगळे असल्याने हा फुगा प्रत्येकासाठी एकसारखा उपयोगी ठरेल, असे म्हणता येत नाही. तरीही कोल्फ यांच्या काळी एका उपचारासाठी जी वाहिनी खर्ची पडे, तशीच एक वाहिनी आज आणखी किती महिने टिकवता येईल, याचा हिशेब वैद्यक करते. माणसाच्या हातांत अशा शिरा मोजक्याच असल्याने त्या हिशेबातील प्रत्येक महिना मोलाचा आहे.