धान, तलाव आणि सातबारा

चांद्याच्या गोंड राजांविषयी एक परंपरा आजही सांगितली जाते. राजा हिरशहाने म्हणे असे जाहीर केले होते की, जो रान तोडून शेत करील त्याला ते शेत मिळेल आणि जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल. शेतकऱ्याला राज्याने साहाय्य करण्याची ही आपल्या प्रदेशातील जुनी रीत होय. तिचा निकष एकच होता, आणि तो म्हणजे श्रम.

इंग्रजी अमलात गावे मालगुजारांकडे गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ हे संक्षिप्त रूप मात्र लोकांच्या तोंडी राहिले. आजही चंद्रपूर-गडचिरोलीतील कित्येक धानाच्या बांध्या मामा तलावांच्या पाण्यावरच पिकतात.

पुढे शासनाचे साहाय्य धानाच्या वजनाशी जोडले गेले. आदिवासी भागात १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ आणि अन्यत्र पणन महासंघ हमीभावाने धान खरेदी करू लागले. २०२०-२१ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,८६८ रुपये होता. त्यावर राज्याने ७०० रुपये बोनस दिला. परंतु व्यापाऱ्यांचे धान शेतकऱ्यांच्या नावावर विकले जाते, अशी तक्रार वारंवार होत असे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात नवी पद्धत जाहीर झाली : हेक्टरी १५,००० रुपये, मर्यादा दोन हेक्टर. पुढील वर्षी ही रक्कम २०,००० झाली. केंद्राची २०१९ पासूनची वार्षिक ६,००० रुपयांची सन्मान योजना आणि २०२३ ची राज्याची तितकीच भर, या दोन्हींचा आधारही जमिनीची मालकीच आहे.

लहान शेतकऱ्याला या पैशाचा आधार झाला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु श्रमापासून निघालेला निकष वजनावरून अखेर कागदावर आला. ज्याचे नाव सातबारावर, त्याच्या खात्यात पैसा. बटईने शेत करणाऱ्याचे नाव तेथे नसते. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बहुतेक स्त्रियांचेही नसते. वनजमीन कसणाऱ्यांसाठी २००६ चा वनाधिकार कायदा आला खरा. पण आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो नसेल तर पट्टा नाही, आणि पट्टा नाही तर साहाय्यही नाही.

पवित्र शास्त्रातील रूथ ही अशीच भूमिहीन, परदेशी विधवा. शेताचे कोपरे न कापता ते गरीब व परके यांच्यासाठी ठेवावेत, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा होती. म्हणून बवाजाच्या शेतात सरवा वेचण्याचा तिला अधिकार होता. ज्याच्या नावावर शेत नाही, त्यालाही त्या नियमाच्या लेखी स्थान होते.

कायदा बदलणे शासनाच्या हाती आहे. आपल्या हाती मात्र एक गोष्ट निश्चित आहे. आपल्यापैकी ज्यांनी शेत बटईने दिले आहे, त्यांच्या खात्यात बोनस जमा झाला, तर त्यातील वाटा कसणाऱ्याच्या घरी पोहोचविणे. सातबारावर त्याचे नाव नसले, तरी आपल्याला ते ठाऊक असते.