कुठल्या देशाचा राजा?

परवा कपाट आवरताना एक जुनी वही सापडली. २००८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात यादी : शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, जमल्यास पर्वती. पुढे वेळासुद्धा! साडेनऊ ते साडेदहा शनिवारवाडा, पावणेअकराला लाल महाल.. तेव्हा लेक दहा वर्षांची आणि मुलगा सात. एवढ्याशा पोरांना एका दिवसात आख्खी पेशवाई पाजायला निघालेली आई म्हणजे मीच ती.

आम्ही तेव्हा ठाण्याला राहायचो आणि सुट्टीत कोथरूडला माझ्या दिरांकडे जायचो. मी शाळेत इतिहास शिकवायचे. म्हणजे पोरांना सुट्टीतही सुट्टी नाही!

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर मोठे अणकुचीदार खिळे आहेत. हत्तींच्या धडकेने दार फुटू नये म्हणून ठोकलेले. दोघंही तिथेच रमली. हत्तीला खिळा लागला तर तो रडेल का, यावर त्यांची जोरदार चर्चा सुरू झाली. मी दोघांना ओढून आत नेलं, कारण मला पायाभरणीची तारीख सांगायची होती. १० जानेवारी १७३०, थोरले बाजीराव. १८२८च्या आगीत आतला वाडा जळाला, त्यामुळे बघायला उरलेत ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. मुलगा म्हणाला, "आई, इथे तर काहीच नाहीये."

हे ऐकून माझ्यातली शिक्षिका दुखावली. मग मी हुकमाचा पत्ता काढला, नारायणराव! सतराव्या वर्षी पेशवा झालेला मुलगा. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, पगार थकलेले गारदी तलवारी घेऊन वाड्यात घुसलेले. नारायणराव जिवाच्या आकांताने पळत सुटला आणि रघुनाथरावाला, म्हणजे सख्ख्या काकाला, त्याने मिठी मारली. "काका, मला वाचवा!" हे मी अगदी आवाज काढून म्हटलं. ती हाक अजूनही ऐकू येते असं लोक सांगतात, तेही सांगितलं. मग ध चा मा. पोरं चिडीचूप. वर्गातसुद्धा मला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. एवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. पावणेअकरा! उरलेली गोष्ट तशीच सोडून मी त्यांना लाल महालाकडे पिटाळलं.

संध्याकाळी भावोजी ऑफिसातून आले. मुलांसाठी बाकरवडी आणली होती. नेहमीसारखे दोन्ही हात पसरून म्हणाले, "कुठे आहे आमचा वाघ?" वाघ माझ्या पाठीमागे लपला आणि मोठमोठ्याने रडायला लागला. काही केल्या काकाच्या जवळ जाईना. कारण कळल्यावर सगळे हसले. भावोजीही हसले, पण बाकरवडीची पिशवी टेबलावर ठेवून कपडे बदलायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांना स्वतःचं मूल नाही. ते हसणं मला अजून आठवतं.

रात्री मुलाला झोप येईना. मग त्याच्याजवळ पडून उरलेली गोष्ट सांगितली. रामशास्त्री प्रभुणे नावाचे न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली. रघुनाथराव तेव्हा सत्तेवर होता, तरी त्याला तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, आणि पुण्यातून निघून गेले. कारभारी एकत्र आले, त्यांना बारभाई म्हणतात. त्यांनी नारायणरावाच्या बायकोला पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचं ते बाळ पेशवा झालं. "चाळीस दिवसांचं? म्हणजे त्याला मान तरी धरता येत होती का?" असं विचारून मुलगा खुदकन हसला आणि पाच मिनिटांत झोपला.

मी मात्र जागी होते. भीती तेवढी सांगून मी वेळापत्रक पाळायला गेले होते. पुढे लोक काय वागले हा भाग माझ्या यादीत बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी यादी बाजूला ठेवली. भावोजींनी रजा टाकली आणि आम्ही फक्त केळकर संग्रहालयात गेलो. दारातच मुलाने पाटी वाचली. राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय. "हा कुठल्या देशाचा राजा?"

आता आली का पंचाईत! राजा हे दिनकर केळकरांच्या मुलाचं नाव. तो सातव्या वर्षी गेला. आणि विचारणारा सात वर्षांचा, त्यातून आदल्या रात्री घाबरलेला. "असेल कुठलातरी" म्हणून वेळ मारून न्यावी असं क्षणभर वाटलं. पण अर्धी गोष्ट काय करते ते कालच पाहिलं होतं. मग पायरीवर बसून सगळं सांगितलं. हे केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. मुलगा गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, कमलाबाईंनी, सगळं आयुष्य त्यातच घातलं आणि संग्रहाला मुलाचं नाव दिलं. वीस हजारांवर वस्तू झाल्या. १९७५ साली हे सगळं त्यांनी सरकारच्या हवाली केलं, लोकांना बघता यावं म्हणून.

मुलाने जरा विचार केला. "मग आपण नीट बघू या," म्हणाला.

आणि खरंच नीट बघितलं. तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं असल्या घरातल्या वस्तूंचाच तिथे थाट. पाय घासायच्या पितळी वज्र्या पाहून भावोजी थबकले. "अरे, अशी एक आमच्या आजीकडे होती. मी तिचे पाय घासून द्यायचो, एका पायाचे पाच पैसे!" त्यापुढे आजीच्या गोष्टी सुरू झाल्या, ज्या लग्नाला बारा वर्षं होऊन मीही ऐकल्या नव्हत्या. मुलगा कधी त्यांचं बोट धरून चालायला लागला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. कोथरूडहून आणून तिथे उभारलेला मस्तानी महाल बघून तर त्याला फारच अभिमान वाटला, "काका, हा तुमच्या घराजवळचा!"

दोन तासांत एक मजलासुद्धा पुरा झाला नाही. मी एकही तारीख सांगितली नाही. बाहेर पडून भेळ खाल्ली आणि घरी आलो.

वही सापडली तशी मी मुलाला फोन केला. आता तो बंगळूरला नोकरी करतो. विचारलं, "शनिवारवाडा आठवतो का रे?" म्हणाला, "खिळे आठवतात. आणि तू खूप बोलायचीस." मग जरा थांबून, "आई, काकाला भेटायला जायचंय या दिवाळीत. राजाचा वरचा मजला बघायचा राहिलाय आमचा."