मॅट्रिकची वेस

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा अस्तित्वात आला आणि १८५९ साली त्या विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीस १३२ उमेदवार बसले. त्यांपैकी २२ उत्तीर्ण झाले. ह्या २२ जणांत सतरा वर्षांचे महादेव गोविंद रानडे होते, हे त्यांचा प्रत्येक चरित्रकार सांगतो. उरलेले ११० कोण होते, कोठून आले होते, परत जाताना त्यांनी वडिलांस काय सांगितले, ह्याविषयी मात्र कोणीच काही लिहिलेले नाही. तीन वर्षांनी, १८६२ साली, पहिली बी. ए.ची परीक्षा झाली. त्या वेळी चौघे पदवीधर झाले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. १३२, २२ आणि ४ ह्या तीन आकड्यांतच आपल्या उच्च शिक्षणाच्या आरंभकाळाचे चित्र पुष्कळसे सामावलेले आहे. आजवर ते चौघांच्या बाजूने रंगविले गेले. वेशीच्या आतून बाहेर पाहण्याऐवजी बाहेरून आत पाहिले तर ते कसे दिसते, एवढेच येथे पाहावे असा आमचा विचार आहे.

मूळ कल्पना अगदी साधी होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने शिकवायचे नाही, परीक्षा घ्यायची व पदवी द्यायची. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. तेव्हा महाविद्यालयात कोणास घ्यावे हे ठरविण्याचे काही तरी साधन हवे होते, आणि ते म्हणजे ही परीक्षा. ‘मॅट्रिक्युलेशन’ ह्या शब्दाचा अर्थही तेवढाच आहे: पटावर नाव घालणे. लॅटिनमध्ये ‘मात्रिकुला’ म्हणजे नावांची वही. परंतु वही आणि वेस ह्यांत अंतर असते. वहीत नाव घालणारा कारकून फार तर नाव व गाव विचारतो. वेशीवरचा पहारेकरी येणाऱ्याची जात, वय, थैली आणि भाषा सारेच न्याहाळतो. मॅट्रिक ही वही म्हणून सुरू झाली व थोड्याच वर्षांत तिची वेस झाली. महाविद्यालयाकडे कधी न फिरकणाऱ्या हजारोंनाही सरकारी नोकरीसाठी तीच परीक्षा देणे भाग पडू लागले. शाळांचा सारा अभ्यासक्रम तिच्याभोवती फिरू लागला. ‘मॅट्रिक झाला’ हे वाक्य सोयरीक जुळविताना उच्चारले जाऊ लागले, आणि ‘नॉन-मॅट्रिक’ हीसुद्धा एक जात होऊन बसली.

ह्या वेशीवर सर्वांत कठोर पहारा भाषेचा होता, असे आमचे मत आहे. परीक्षेचे मुख्य माध्यम इंग्रजी. मराठीस दुसऱ्या भाषेच्या जागी स्थान होते, आणि आरंभीच्या योजनेत पदवी परीक्षेपर्यंत देशी भाषा घेण्याची मोकळीक होती. परंतु ही मोकळीक फार काळ टिकली नाही. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन, फारसी इत्यादी अभिजात भाषा आल्या. देशी भाषांत पुरेसे वाङ्मय नाही, तेव्हा त्यांच्या अध्ययनाने बुद्धीस वळण लागणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. म्हणजे मराठी वेशीपाशी दिसे, पण आत शिरल्यावर ती कोठे भेटत नसे. रानड्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ह्याविरुद्ध विद्यापीठात मोठी खटपट केली व तिचे फळ म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी एम. ए.च्या अभ्यासक्रमात मराठीचा शिरकाव झाला. पहिल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या मुलानेच चाळीस वर्षांनी हे दार किलकिले करावे, ह्यात एक न्याय आहे खरा. पण मधली चाळीस वर्षे कोणी भरून द्यावयाची? (३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिजात नाही म्हणून जिला एकदा पायऱ्या उतरावयास लावले, तिच्या वाट्याला हा मान आला, ह्याची नोंद घेताना आम्हांस थोडे हसू आल्याशिवाय राहिले नाही.)

ह्या फेरबदलाचा परिणाम भाषेपुरता राहिला नाही, आणि त्याकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. महाविद्यालयात अभिजात भाषा घ्यावयाची, तर ती शाळेपासूनच घ्यावी लागणार हे उघड होते. मराठी मुलास सर्वांत जवळची अशी अभिजात भाषा संस्कृत. परंतु संस्कृत शिकविणारे शास्त्री ती कोणास शिकवीत? डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांना मुंबईच्या शाळेत संस्कृत घेण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. मराठीस आत जागा असती तर ह्या मुलापुढे हा प्रश्न अशा रूपात उभा राहिला नसता. विद्यापीठाच्या नियमावलीत जातीचा उल्लेख नव्हता. नियम करणाऱ्यांनी तो मनातही आणला नसेल. परंतु नियम आणि विद्यार्थी ह्यांच्या मध्ये एक शिक्षक उभा असतो, आणि नियमाने न विचारलेला प्रश्न तो विचारू शकतो, ही गोष्ट अध्यापकवर्गाने तरी विसरू नये.

आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या टक्केवारीच्या हिशेबाने पाहणाऱ्यास हा आकडा क्षुल्लक वाटेल. परळच्या चाळीत एका खोलीत राहून मिळविलेले हे गुण होते, आणि त्यांच्या समाजाने त्याबद्दल सभा भरवून अभिनंदन केले. सीताराम केशव बोले ह्या सभेचे अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या वेळी त्यांस भेट दिले. पुढे पैशाअभावी महाविद्यालयीन शिक्षण खुंटण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली ते बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या मराठी मंडळींना ही हकीकत नवी नाही. तरी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे: परीक्षा उत्तीर्ण झाल्याने वेस ओलांडता येत नसे, ती ओलांडावयास कोणा तरी सज्जनाची चिठ्ठी लागे. केळुसकर न भेटलेले किती असतील?

पैसा आणि अंतर ह्यांची गोष्ट निराळी सांगावयास नको. गोपाळ गणेश आगरकर शिक्षणासाठी कऱ्हाडहून रत्नागिरीस पायी गेले, तेथे जमेना म्हणून परतले, आणि शेवटी अकोल्यास राहून १८७५ साली मॅट्रिक झाले. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांचा आधार त्यांस मिळाला. पुढे डेक्कन कॉलेजात एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याची त्यांची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ती सांगताना आम्ही गरिबीचे कौतुक करतो, आणि एक सदरा असलेला विद्यार्थी महाविद्यालयात अपवाद का होता, हे विचारावयाचे राहून जाते.

धोंडो केशव कर्वे ह्यांची आठवण अधिक बोलकी आहे. ती मॅट्रिकची नाही, मराठी सहाव्या इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेची आहे. पण वेशीवरच्या पहाऱ्याचे चित्र त्यात जितके स्वच्छ उमटले आहे तितके अन्यत्र क्वचितच सापडेल. १८७५ च्या पावसाळ्यात मुरूडहून मुंबईस जाण्याची सोय होईना, तेव्हा कर्वे व त्यांचे सोबती परीक्षेसाठी साताऱ्यास पायी निघाले. शंभरांहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट, वरून पाऊस. ते वेळेवर पोहोचले. परीक्षेस बसण्यास वयाची सतरा वर्षे पुरी व्हावी लागत. कर्व्यांची ती झाली होती, पण ते अंगाने लहानखुरे. समितीच्या प्रमुखाने त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असा निकाल दिला. आल्या पावली परत. पुढल्या वर्षी कोल्हापूर केंद्रावर बसून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक व्हावयास १८८१ साल उजाडले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. १८८४ साली ते बी. ए. झाले. आत्मवृत्तात त्यांनी ही हकीकत कोणास दूषण न देता सांगितली आहे, आणि म्हणूनच ती वाचणाऱ्यास अधिक लागते. ह्याच गृहस्थाने १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, तेव्हा तेथील शिक्षण मातृभाषेतून ठेवले व इंग्रजीस एका आवश्यक विषयाची जागा दिली.

स्त्रियांपुढे तर काही काळ वेस अस्तित्वातच नव्हती, सलग भिंतच होती. येथे बेळगावचा संबंध येतो, आणि तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसावा. १८७५ साली बेळगावच्या पोस्टमास्तरांनी, हे गृहस्थ पारशी होते, आपल्या मुलीस मॅट्रिकच्या परीक्षेस बसू द्याल काय, अशी विद्यापीठाकडे विचारणा केली. विद्यापीठाने नकार दिला. कायद्यात व नियमांत उमेदवाराविषयी सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम वापरलेले असल्यामुळे स्त्रीस परवानगी देता येत नाही, हे त्यातले मर्म. व्याकरणाच्या आधाराने एखाद्या मुलीचे शिक्षण अडविले गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. १८८३ साली विद्यापीठाने ठराव करून त्या सर्वनामात स्त्रीचाही समावेश होतो असे मान्य केले, आणि थोड्याच वर्षांत डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. बेळगावच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, ते कोठे वाचनात आलेले नाही.

आता आमच्याच अंगणाकडे वळू. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला ह्या सर्वांवर आणखी एक अडचण होती. कोणत्या विद्यापीठाच्या वेशीशी जावयाचे, हे त्याच्या भाषेने ठरत नसे, तो राहत असलेल्या संस्थानाच्या सोयीने ठरे. बडोदे कॉलेज १८८१ साली निघाले ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, म्हणून तेथील मराठी मुलास मुंबई-पुण्याची सावली तरी मिळे. इंदूरच्या होळकर कॉलेजचे तसे नव्हते. १८९१ साली निघालेले हे महाविद्यालय प्रथम कलकत्त्याशी, मग अलाहाबादशी व पुढे आग्ऱ्याशी जोडले गेले. घरात मराठी, गावात माळवी, आणि परीक्षा कधी गंगेकाठची तर कधी यमुनेकाठची! हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठास जोडलेले होते. इंदूर व ग्वाल्हेर येथे स्वतंत्र विद्यापीठे १९६४ साली झाली. बडोद्यास ते १९४९ सालीच झाले होते.

हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो भारतातला पहिला मोठा प्रयोग होता, आणि त्याबद्दल त्याचे श्रेय नाकारणे योग्य होणार नाही. परंतु मराठवाड्यातल्या मुलास ती देशी भाषाही इंग्रजीइतकीच परकी होती. त्याने प्राथमिक शाळेत मराठी गिरवावी, पुढे उर्दूतून इतिहास, गणित व विज्ञान शिकावे, आणि ह्या वाटेने औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात किंवा हैदराबादेस पोहोचावे, असा क्रम होता.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या त्याच महाविद्यालयाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. हे लोण उस्मानियात पोहोचले, संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. मॅट्रिकची वेस एकदा ओलांडलेली ही मुले पुन्हा वेशीबाहेर आली, आणि ह्या वेळी हातात उत्तीर्ण झाल्याचा दाखला असूनही दारे बंद होती. विद्यापीठामागून विद्यापीठास त्यांनी अर्ज केले. दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. १९२३ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार ह्यांनी ह्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव ह्यांचे नावही ह्या विद्यार्थ्यांत होते. उर्दूतून शिकलेल्या मुलांना तेथे इंग्रजीतून शिकणे प्राप्त झाले, घरापासून दूर राहावे लागले, वर्षे वाया गेली ती वेगळीच. तरी कुलगुरूच्या अधिकारपदावर बसलेल्या एका माणसाने नियमावलीतून वाट काढून होकार दिला, तर केवढा फरक पडतो, ह्याचे हे उदाहरण बेळगावच्या १८७५ च्या उत्तराशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी.

खुद्द मॅट्रिक परीक्षा तोवर मुंबई इलाख्यात संपली होती. १९४९ पासून तिच्या जागी शालान्त परीक्षा आली व ती घेण्याचे काम विद्यापीठाकडून परीक्षामंडळाकडे गेले. नाव गेले तरी शब्द गेला नाही. आजही वडीलधारी माणसे नातवाच्या दहावीला मॅट्रिकच म्हणतात.

गोव्याची वाट सर्वांत लांबची. पणजीच्या लिसेवमध्ये १८५४ पासून पोर्तुगीजमधून माध्यमिक शिक्षण मिळे, वैद्यकीची शाळा त्याहून जुनी, १८४२ सालची. पण कला वा विज्ञान ह्या शाखांचे महाविद्यालय संबंध पोर्तुगीज अमदानीत तेथे निघाले नाही. ज्यास लिस्बनला जाणे शक्य नव्हते त्याने इंग्रजी शिकावे, मुंबईची मॅट्रिक द्यावी आणि सरहद्द ओलांडून बेळगाव, धारवाड, पुणे वा मुंबई गाठावी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली पणजीस धेंपे महाविद्यालय व मडगावास चौगुले महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा गोमंतकीय मुलगा घरून डबा घेऊन प्रथमच महाविद्यालयात गेला. दोन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठास जोडलेली होती, आणि गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ १९८५ साली होईपर्यंत पदवीपत्रावरचा शिक्का मुंबईचाच राहिला.