साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर

आजच्या मॉड्युलर किचनची पणजी फ्रँकफर्टची. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४. नमुना कुठला, तर रेल्वेच्या डायनिंग कारचा! साखर-तांदळाला अ‍ॅल्युमिनियमचे खण, उचलून थेट ओतता येतील असे. पिठाचा खण ओक लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माश्या बसत नाहीत म्हणे. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली.

पण त्याआधी कामगारांच्या घरात चुलीच्या खोलीतच जेवण, गप्पा, कधी झोपसुद्धा. आता बाई आत एकटी. दुसरं माणूस आलं की अडचण. १९७० च्या दशकात स्त्रीवाद्यांनी नेमकं हेच बोलून दाखवलं. मला ते पटतं, पण अर्धंच. कामावरून दमून आलेल्या बाईची पायपीट वाचली, ती काय थोडी झाली? शिवाय बैठकीच्या खोलीकडे सरकतं दार होतं, मुलांवर लक्ष राहावं म्हणून.

आणि लिहोत्स्कीबाईंनी तोवर स्वतः कधी स्वयंपाक केलाच नव्हता. हे त्यांनीच पुढे सांगितलंय.