वळणावळणावर शिल्पं

गिऱ्हाईक दुकानासमोरून भरधाव निघून जाऊ नये म्हणून रस्ताच वाकडा करायचा, ही युक्ती कुठल्याही व्यापाऱ्याला मनोमन पटेल. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिमेला, कोलोरॅडो आणि गनिसन या नद्यांच्या संगमावर वसलेल्या ग्रँड जंक्शन गावाने ती १९६२ साली खरी करून दाखवली. ‘ऑपरेशन फोरसाइट’ या मोहिमेत मेन स्ट्रीटचा सरळसोट चौपदरी रस्ता दुपदरी आणि नागमोडी झाला. मोकळ्या झालेल्या जागेत झाडं आली, बसायला बाकं आली. शिल्पांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पण त्यांच्यासाठी जागा मात्र तयार झाली.

पुढची वीसेक वर्षं बरी गेली. १९८० मध्ये गावाच्या कडेला मोठा मॉल उभा राहिला आणि मेन स्ट्रीटची गिऱ्हाइकी तिकडे वळू लागली. त्यावर घाव बसला तो २ मे १९८२ रोजी. तेलयुक्त शेल खडकातून इंधन काढण्याचा पॅराशूटजवळचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प एक्सॉन कंपनीने त्या दिवशी एकाएकी बंद केला. दोन हजारांहून अधिक कामगारांची नोकरी गेली. त्या भागात आजही त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणतात. माणसं बिऱ्हाड आवरून निघून गेली, घरं रिकामी पडली, बाजारात शुकशुकाट झाला.

अशा पडत्या काळात, १९८४ मध्ये, डेव्ह डेव्हिस या स्थानिक शिल्पकाराने ‘आर्ट ऑन द कॉर्नर’ची कल्पना मांडली. एरवी मंदीत सगळ्यात आधी कात्री लागते ती कलेला. इथे उलटंच घडलं. योजना साधी होती. शिल्पकाराने आपलं काम वर्षभरासाठी उसनं द्यायचं, ते दुकानांसमोरच्या फुटपाथवर मांडायचं आणि विक्रीलाही ठेवायचं. शिल्पकाराला चोवीस तास उघडं दालन मिळालं, रस्त्याला दरवर्षी नवी नवलाई. काही शिल्पं लोकांच्या इतकी मनात भरली की व्यापारी, देणगीदार आणि गाव यांनी ती विकत घेऊन कायमची ठेवली. आज मेन स्ट्रीट आणि आसपास शंभराहून अधिक शिल्पं आहेत.

सगळीच थोर आहेत असं नाही. गोंडस प्राण्यांचा भरणा माझ्या मते जरा जास्तच आहे. पण सातव्या रस्त्याच्या नाक्यावरचा लू विल यांचा रानरेडा बघावा. अंगाखांद्यावरची सगळी वळणं जुन्या मोटारींच्या क्रोमच्या बंपरांनी घडवलेली! त्याचं नाव ‘क्रोम ऑन द रेंज’. ‘होम ऑन द रेंज’ हे जुनं गाणं ठाऊक असलेला हसतोच.

आणि अ‍ॅव्हलॉन थिएटरसमोरचा तो टबातला माणूस. तो म्हणजे हॉलिवूडचा पटकथाकार डाल्टन ट्रम्बो; याच गावात वाढलेला. वडील बुटांच्या दुकानात विक्रेते होते; शाळेत असतानाच पोरगा गावच्या वर्तमानपत्रात बातम्या लिहू लागला. १९३५ मध्ये त्याची ‘एक्लिप्स’ कादंबरी आली. भल्या दिवसांत गावाने डोक्यावर घेतलेला आणि पडत्या काळात वाऱ्यावर सोडलेला एक दुकानदार हा तिचा नायक. मेन स्ट्रीटवरच्याच ‘द फेअर’ दुकानाचे मालक डब्ल्यू. जे. मॉयर यांच्यावर तो बेतला आहे, हे गावाने लगेच ओळखलं आणि गाव दुखावलं. कादंबरीत ट्रम्बोने गावाला नाव दिलं होतं ‘शेल सिटी’. म्हणजे ज्या खडकाने १९८२ मध्ये दगा दिला, त्याचंच!

२००७ मध्ये त्याच रस्त्यावर त्याचं ब्राँझचं शिल्प बसलं. शिल्पकार जे. मायकेल विल्सन. ट्रम्बोला टबात बसून लिहायची सवय होती, म्हणून शिल्पातही तो उघड्या अंगाने टबात बसला आहे, लिखाणात गुंतलेला. समोर दुकानांची रांग.